बारा कार्डं आणि पाण्याचा कॅन

माझ्या नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हा बाबांनी पगार किती, ते विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "त्या गावात पोस्टाची पेटी हाय का?"

ऑर्डरवर एवढंच होतं की मी अकोले तालुक्यातल्या अमुक गावच्या शाळेत आठ दिवसांच्या आत शिक्षिका म्हणून हजर व्हावं. पेटीचा उल्लेख नव्हता. आम्ही तिसगावचे, जिल्ह्याच्या पार उगवतीकडचे. ते गाव पार मावळतीला, भंडारदऱ्याच्याही पलीकडे डोंगरात. जिल्हा एकच, पण आमच्या घरातलं कुणी तोवर राहुरीच्या पुढं गेलेलं नव्हतं. नव्वदीच्या दशकाचा मध्य होता. मी बावीस वर्षांची होते आणि डी.एड. होऊन दोन वर्षं घरी बसले होते. त्या दोन वर्षांत मी दुसऱ्यांच्या लग्नात पंगती वाढण्यापलीकडे काही केलं नव्हतं. ही नोकरी मला हवी होती, आणि इतकी हवी होती की रात्री ऑर्डर उशीखाली घेऊन झोपत होते.

नेमका त्याच वेळी बाबांचा पाय प्लास्टरमध्ये होता.

बाबा मार्केट यार्डात मापाडी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा आणि वजन चार लोकांना ऐकू जाईल असं पुकारायचं, हे त्यांचं काम. ऑर्डर यायच्या पंधरा दिवस आधी थप्पीवरून बाजरीचं पोतं घसरलं ते थेट त्यांच्या पायावर. डॉक्टरांनी सांगितलं, दीड महिना खाट सोडायची नाही. म्हणजे मला पोहोचवायला ते येऊ शकत नव्हते. हे त्यांना पाय मोडल्यापेक्षा जास्त लागलं.

आत्याला तेवढंच निमित्त पुरलं. ती खाटेच्या पायथ्याशी बसून म्हणाली, "पोरगी एकली, मुलूख अनोळखी आन बाप खाटंवर. ऱ्हाऊ दे की. मी दोन स्थळं बघून ठेवल्यात." त्यातलं एक स्थळ किराणा दुकानवालं होतं आणि दुसऱ्याबद्दल आत्याच फार हसून बोलली होती, म्हणजे त्यात काहीतरी खोट होती. बाबा दोन दिवस छताकडे बघत पडून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"जा," ते म्हणाले. "पन दर आठवड्याला एक कार्ड आलं पायजे. एक जरी हुकलं तरी मी न्यायला आलोच म्हनून समज. लंगडत का व्हईना, येनार. मंग नोकरी बिकरी काय न्हाई."

मी हो म्हटलं. त्यांनी डोंगर उचलून आणायला सांगितला असता तरी मी हो म्हटलं असतं.

मग त्यांनी खाटेवर पडल्या पडल्या तयारी हातात घेतली. माणसाला स्वतःला जाता येत नसलं की तो सामानातून जायला बघतो, हे मला त्या आठ दिवसांत कळलं. यार्डात आलेला प्रत्येक ट्रक ड्रायव्हर आमच्या घरी चहाला बोलावला जाऊ लागला. "राजूर बघितलंय का? त्याच्या म्होरं?" असली उलटतपासणी झाल्याशिवाय चहा मिळत नव्हता. त्यातल्या एकानं राजूरपर्यंत माल नेला होता. त्याच्याकडून कळलं ते असं: बँक, पोस्ट, फोनचा बूथ, सगळं राजूरला. पुढच्या गावात यातलं काही नाही. बाजारच्या दिवशी दोन-चार, एरवी दिवसाला एखादी जीप येते-जाते, ओढ्याला पाणी आलं तर तीही नाही. आणि नव्या मास्तरांचा पहिला पगार निघायला दोन-तीन महिने जातात, हे तर सगळ्यांना ठाऊकच होतं.

"म्हन्जे तीन गोष्टी," बाबा म्हणाले. "पैका, खबर आन पानी."

पाण्याचं त्या ड्रायव्हरनं काहीच सांगितलं नव्हतं. ते बाबांनी स्वतःच्या डोक्यातून काढलं.

पैशाचं काम आईकडे गेलं. पैसे एका जागी ठेवायचे नाहीत, हा बाबांचा हुकूम. काही पोलक्याच्या आतल्या खिशात, काही शेंगदाण्याच्या चटणीच्या बरणीखाली दुहेरी कागदात आणि बाकीचे गोधडीत. आईनं माझ्यासाठी ठेवणीतल्या लुगड्यांची गोधडी शिवली होती. तिच्यावर तिनं तीन जास्तीची ठिगळं लावली, लाल, हिरवं आणि फुलाफुलांचं, आणि प्रत्येकाच्या आत नोटा ठेवून चारी बाजूंनी बारीक टाके घातले. कुठं किती, याची बाबांनी आधी यादी केली. मग त्यांच्या लक्षात आलं की यादी चोराच्या हाती लागली तर चोराचं कामच सोपं. त्यांनी ती फाडली आणि मला पाठ करायला लावलं. जेवताना मध्येच विचारायचे, "हिरव्या ठिगळात?" मी घास गिळून सांगायचे, "दोनशे." एकदा चुकून लाल आणि हिरव्याची अदलाबदल केली, तर म्हणाले, "आसं कसं मुलांना शिकवनार तू?"

शिवाय एक जाडजूड पायमोजा होता. डोंगरात शंभराची नोट कुणी मोडून देणार नाही, म्हणून बाबांनी यार्डातल्या हमालांकडून, चहावाल्याकडून आठ दिवस सुट्टे पैसे जमवले आणि त्या मोज्यात भरले. मोजा इतका जड झाला की कुणी अंगावर आलं असतं तर तोच फिरवून मारता आला असता.

खबरीचं काम त्यांनी कुणावर सोपवलं नाही. आमच्या चौकातल्या फोन बूथचा नंबर त्यांनी ट्रंकेच्या झाकणाला आतून ऑइलपेंटनं लिहिला. पण फोनवर त्यांचा भरवसा नव्हता, तारा तुटतात. भरवसा होता तो पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर. त्यांनी बारा कार्डं आणवली, बारा आठवड्यांची. सगळ्यांवर आमचा पत्ता घातला. इथपर्यंत ठीक होतं. पण मग त्यांनी मजकूरही लिहून टाकला. बाराही कार्डांवर एकच: "मी खुशाल आहे. तब्येत चांगली. जेवण वेळेवर घेते. काळजी नसावी."

"बाबा, मी शिक्षिका आहे," मी म्हणाले. "मला लिहिता येतं."

"येतंय ना. पन दमून आलीस, ताप आला, हात दुखला, तर? तू फकस्त तारीख घालायची आन पेटीत टाकायचं."

मला रागच आला. माझी खुशाली मी पोहोचायच्या आधीच ठरून गेली होती. पण अट आठवून मी कार्डं ठेवायला एक पत्र्याचा डबा शोधून आणला. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात त्यांनी क्रम घातला, म्हणजे मधलं हरवलं तर कळेल. पहिल्या कार्डावर लिहिलं 'लाभ', मग दोन, तीन, असं बारापर्यंत. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. धान्याचं माप शुभ शब्दानं सुरू व्हावं म्हणून. आमच्या घरात मात्र ती सवय यार्डातून घरापर्यंत आली होती. चपात्या, साबणाच्या वड्या, आईच्या औषधाच्या गोळ्या, बाबा सगळं लाभपासूनच मोजायचे.

राहिलं पाणी. नव्या मुलखाचं पाणी बाधतं, पोरगी पहिल्याच आठवड्यात आजारी पडेल, असं बाबांना वाटत होतं. गोडेतेलाचा पाच लिटरचा कॅन आईनं राखेनं घासून, गरम पाण्यानं चारदा विसळून घेतला. त्या वर्षी आमच्याकडे टँकर चालू होता. टँकरपाशी भांडून आणलेल्या पाण्यातलं पाच लिटर पाणी तिनं उकळलं, गाळलं आणि काठोकाठ भरून बूच लावलं. त्या पाच लिटरसाठी घरातल्यांनी किती दिवस हात आखडता घेतला, ते मला आई न सांगताही माहीत होतं. त्यामुळे कॅन नको, असं म्हणायची माझी छाती झाली नाही.

बारा कार्डं होती, पैशांच्या सहा जागा होत्या, पाच लिटर पाणी होतं. छत्रीचा विषय आठ दिवसांत एकदाही निघाला नाही.

मला पोहोचवायला मामा आला. निघताना बाबांनी खाटेवरूनच ट्रंक हातानं उचलून बघितली आणि काट्याशिवाय सांगितलं, "सोळा किलो." मग माझ्याकडे न बघता मामाला म्हणाले, "कॅन आडवा नको ठिवू." मी पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर उचलेनात, तेव्हा आईच म्हणाली, "गाडी जाईल."

तिसगावहून नगर, नगरहून संगमनेर, तिथून अकोले. प्रत्येक स्टँडवर मामा ट्रंक खाली ठेवायचा पण कॅन उभा धरून बसायचा. संगमनेर सोडल्यावर आभाळ भरून आलं आणि अकोल्याला उतरलो तर पाऊस असा की समोरची एस.टी. दिसेना. आम्ही दोघं स्टँडच्या छपराखाली अंग चोरून उभे राहिलो. शेजारी भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा विकणारी बाई बसली होती. तिनं कॅनकडे बोट दाखवलं.

"रॉकेल का वं?"

"न्हाई, पानी," मामा म्हणाला.

"कशाचं पानी?"

"प्यायचं. तिसगावचं."

बाई आधी त्याच्याकडे बघत राहिली, मग छपरावरून पडणाऱ्या धारेकडे, आणि मग इतकी हसली की तिच्या टोपलीतल्या शेंगा सांडल्या. तिनं ही बातमी पलीकडच्या बाकावर पोचवली, तिथून ती कंडक्टरांच्या खोलीत गेली. राजूरच्या गाडीत चढताना कंडक्टर मामाला म्हणाला, "पाहुणं, पान्याला हाफ तिकीट लागतं बरं का." मामाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी मात्र दोन वर्षांत पहिल्यांदा पोट धरून हसले. राजूरपासून पुढं जीप, जीपपासून पुढं चिखल. गावात पोहोचलो तेव्हा कॅनच्या आतली बाजू सोडून सगळं ओलं झालं होतं, असं मामानं नंतर घरी सांगितलं. कॅनच्या आतली बाजू कोरडी कशी, हे त्याला कुणी विचारलं नाही.

शाळेला लागूनच एका मावशींचं घर होतं. त्यांची भाताची खाचरं शाळेच्या मागं. त्यांनी मला पडवीतली खोली दिली. दाराला कुलपाची सोय नव्हती, साधी कडीही नव्हती. मामा घाबरून म्हणाला, "आक्का, हे तर शिंगणापूर झालं." मावशींना शिंगणापूर माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "आमच्यात काय चोरायचं हाय? पाऊस?" कॅन त्यांनी उचलून फळीवर ठेवला, आत पाणी आहे कळल्यावर पुन्हा खाली काढून बघितला, वास घेतला आणि परत ठेवला. नंतर आख्ख्या गावानं एकेकानं येऊन तो कॅन बघितला.

शाळा एकशिक्षकी. हजेरी मी घ्यायची, घंटा मी द्यायची, गळक्या जागेखाली बादलीही मीच ठेवायची. आणि मी आनंदात होते, अगदी उघड उघड. मुलं पायांनी चिखल आणायची आणि डोळ्यांत सगळं जग घेऊन बसायची. बाबांचा पायमोजाही खरा ठरला. गावात शंभराची नोट मोडायला कुणाकडेच सुट्टे नसायचे, तेव्हा लोक माझ्याकडे येऊ लागले. पंधरा दिवसांत मी मास्तरीणबाई आणि सुट्ट्यांची बँक अशी दोन्ही झाले. मनातल्या मनात मी बाबांना दाद दिली, पण कार्डावर जागा नव्हती. मजकूर त्यांचाच होता.

कार्डं मी मावशींकडे द्यायचे. बाजारच्या दिवशी त्या राजूरला जायच्या, पेटीत टाकायच्या. एक चुकलं तर वडील न्यायला येतील, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. लाभ गेलं, दोन गेलं, तीन गेलं. चौथ्या आठवड्यात भाताची लावणी चालू होती. त्यात मी दिवस विसरले आणि बाजारच्या सकाळी मला जाग आली तेव्हा मावशी पहिल्या जीपनं गेलेल्या होत्या. कार्ड द्यायचं राहिलं म्हणून मी दिवसभर हळहळले. संध्याकाळी मावशी आल्या त्या विजयी मुद्रेनं.

"पोरी, तू झोपली हुतीस. म्या डब्यातली कार्डं घेतली आन टाकली."

"कुठलं टाकलं, मावशी?"

"कोन्तं टाकायचं ते मला काय वाचता येतंय? म्हनलं, समदीच टाकावी. एखांदं तरी बरुबर निघंल."

डबा उघडला. रिकामा. चार ते बारा, नऊच्या नऊ कार्डं पेटीत पडली होती. एकावरही तारीख नव्हती. मावशींनी माझ्यासाठी केलं होतं, आणि त्यांच्या जागी वाचता न येणाऱ्या कुणीही शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण मला माझे बाबा ठाऊक होते. एकाच दिवशी नऊ वेळा 'मी खुशाल आहे' वाचून ते स्वस्थ बसणारे नव्हते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच मी चालत रस्त्यापर्यंत गेले, दूधवाल्याच्या जीपनं राजूर गाठलं. बूथवाला म्हणाला, तीन दिवस लाइन बंद आहे, डोंगराखाली तार तुटलीय. बाबांचं म्हणणं खरं झालं म्हणून मला हसूही येईना. पोस्टातून तीन कोरी कार्डं घेतली, तिथंच उभ्याउभ्या एक लिहिलं, "चुकून सगळी गेली, खरंच खुशाल आहे, येऊ नका," आणि टाकलं. हे कार्ड तिसगावला पोहोचलं तेव्हा बाबा निघून एक दिवस झाला होता.

ते आले दुपारी, वर्ग भरलेला असताना. मुलं पाढे म्हणत होती. एकदम आवाज बंद पडला म्हणून मी फळ्याकडून वळले, तर दारात बाबा. डोक्यावर पोत्याची खोळ, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला, एका हातात बांबूची काठी. पायात एकच चप्पल. प्लास्टर काढून त्यांना जेमतेम आठवडा झाला होता.

"जित्ती हाईस ना?" त्यांनी विचारलं.

"आहे की."

"मंग नऊ कार्डं एकदम कशापायी?" त्यांनी सदऱ्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत नऊच्या नऊ कार्डं होती, पुरावा म्हणून आणलेली. "खुशाल मानूस एकदा म्हनतं, मी खुशाल हाय. नऊ येळा म्हनलं म्हन्जे कायतरी इपरीत." एवढं बोलून ते पायरीवर बसले. मी सगळी हकीकत सांगितली. सांगताना मला हसू येत होतं आणि रडूही, दोन्ही एकदम. मुलं गंभीरपणे आमच्याकडे बघत होती. बाबा हसले नाहीत.

"ट्रंक भर," ते म्हणाले. "उंद्याच्या जीपनं निघायचं. आपलं ठरलं हुतं."

"कार्ड चुकलं नाही बाबा, उलट जास्त आली."

"तेच. हितून खबर नीट येत न्हाई. बास."

शाळा सुटल्यावर मी खोलीत जाऊन ट्रंक उघडली आणि नुसती बघत बसले. झाकणावरचा तो ऑइलपेंटचा नंबर मला त्या वेळी अजिबात आवडला नाही.

पण दुसऱ्या दिवशी जीप आलीच नाही. ओढा भरून वाहत होता. तिसऱ्याही दिवशी नाही. बाबा घाईत निघाले होते. बदलायला कपडे नव्हते, छत्री नव्हती, पाणी तर नव्हतंच. मला बारा आठवड्यांची तयारी करून देणारा माणूस स्वतः एका सदऱ्यावर आला होता. मावशींच्या यजमानांचं धोतर नेसून ते पडवीत बसले आणि भाकरीऐवजी भात का म्हणून तक्रार न करता जेवले. फळीवरचा कॅन त्यांना दिसला. भरलेलाच.

"उघडला न्हाईस?"

"गरज पडली नाही," मी म्हणाले. मावशी आतून खो-खो हसल्या. बाबांनी छपरावरून वाहणाऱ्या पाण्याकडे पाहिलं.

त्या काळी हजेरी भरलेल्या मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा, आणि आमच्या शाळेत तो वाटायचं काम माझं. योगायोगानं वाटपाचा दिवस तोच होता. आया पिशव्या घेऊन जमल्या. मी तराजू लावला आणि बाबा पडवीतून उठून आलेच.

"थांब. ह्यो झुकतोय." त्यांनी रिकामी पारडी निरखली, एक वाकडा खिळा शोधून हलक्या बाजूच्या दोरीला अडकवला, काटा मध्ये आणला. मग बाजूला सरकायचं सोडून स्वतःच मापायला उभे राहिले. पहिली पिशवी भरली आणि यार्डातल्या आवाजात पुकारले, "लाऽऽभ!" मुलं आधी दचकली आणि मग त्यांच्यात आवाज मिळवायला लागली. लाभ, दोन, तीन, सगळी शाळा ओरडत होती. मी म्हणाले, "बाबा, मी त्यांना एकपासून शिकवलंय." ते म्हणाले, "शिकव की. वर्गात एक, काट्याव लाभ."

मध्येच एक बाई पुढं आली. तिचा मुलगा महिनाभर शाळेत फिरकला नव्हता, तरी तिला त्याचा तांदूळ हवा होता. ती चढ्या आवाजात बोलली. मीही आवाज चढवला. म्हणाले, "उद्यापासून पाठवा, पुढच्या महिन्यात पहिली पिशवी तुमची. आज नाही." बाबांचा हात तांदळात तसाच थांबला. ती बाई इकडंतिकडं बघून मावशींना म्हणाली, "बाई म्हनत्यात तर तसंच." आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा सगळ्यांच्या आधी येऊन पायरीवर बसला होता.

मोठ्या माणसाला काही ठणकावून सांगताना बाबांनी मला कधीच ऐकलं नव्हतं. घरी मी ठणकावणार कुणाला? संध्याकाळी ते काठी टेकत शाळेभोवती एक चक्कर मारून आले. "तुझा आवाज लागतो की चांगला," ते म्हणाले. "यार्डात चालंल." आमच्या घरात यापेक्षा मोठं कौतुक नाही.

चौथ्या दिवशी सकाळी खालून जीपचा हॉर्न ऐकू आला. ट्रंक अजून उघडी होती, निम्मी भरलेली, निम्मी रिकामी. मी दारात उभी राहून बाबांच्या तोंडाकडे बघत होते. ते ट्रंकेपाशी गेले, कुलूप हातात घेऊन त्यात किल्ली फिरवून बघितली.

"गंजलंय. तेल लाव."

"म्हणजे?"

"म्हन्जे काय? असल्या हवेत गंजनारच. दर महिन्याला दोन थेंब सोडत जा."

दर महिन्याला! मी ते शब्द दोनदा मनात म्हटले आणि लहान मुलीसारखी उडी मारली. मावशी चुलीपासून उठून आल्या, त्यांना वाटलं विंचू निघाला.

मग मी बाबांची तयारी केली. त्यांच्याजवळ जायचं भाडंसुद्धा उरलं नव्हतं. गोधडीचं लाल ठिगळ मी उसवलं, नोटा दोन ठिकाणी ठेवायला लावल्या आणि मोज्यातले सुट्टे पिशवीत घातले. जीपवाला हॉर्न वाजवत होता, पण मी त्यांना सोडलं नाही.

"आतल्या खिशात?"

"पन्नास."

"पिशवीत?"

"सुट्टे. आगं, जीप जाईल."

मावशींनी त्यांच्या पाठीवर बांबू-पानांचं इरलं चढवलं. कॅनमधलं तिसगावचं पाणी त्यांनी आदल्याच दिवशी जास्वंदीला घातलं होतं. बाबा म्हणाले, रिकामा कसा न्यायचा, म्हणून झऱ्याचं पाणी भरून घेतलं. शेवटी मी राजूरच्या कोऱ्या कार्डांतलं एक काढलं. पत्ता माझा घातला, आणि मजकूरही लिहून टाकला: "मी सुखरूप पोहोचलो. पाय बरा आहे. जेवण वेळेवर घेतो. काळजी नसावी."

"मला लिव्हता येतंय," बाबा म्हणाले.

"मलाही येत होतं. तुम्ही फक्त तारीख घालायची. आणि आठ दिवसांत आलं नाही तर मी न्यायला येईन."

तेव्हा ते हसले. चार दिवसांत पहिल्यांदा, तोंड उघडून. जीप वळणावरून गेली तरी इरलं बराच वेळ दिसत होतं. नंतर आईनं सांगितलं, कडक उन्हात तिसगावच्या स्टँडवर ते तसंच पाठीवर घेऊन उतरले आणि घरापर्यंत अर्धा गाव मागं चालत आला.

कार्ड बाजारच्या दिवशी मावशींनीच आणलं. या वेळी एकच. माझा मजकूर जसाच्या तसा होता, खाडाखोड नाही. तारीख घातली होती. खाली उरलेल्या जागेत बाबांचं अक्षर होतं, दाटीवाटीनं लिहिलेलं: "तुझ्या आईने डोंगरातले पाणी सगळ्या आळीला वाटले, प्रत्येकी एक फुलपात्र. आत्याला दोन दिले. कोरी कार्डे पाठवत आहे, पत्ता घातला आहे. मजकूर तुझा तू लिही. सवड होईल तेव्हा लिही."

मी ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं. दर आठवड्याला हे शब्द त्यावर कुठंच नव्हते. कोपऱ्यात मात्र त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'लाभ'.

मुलांना पाढे म्हणायला लावून मी टेबलाशी बसले. उरलेलं शेवटचं कोरं कार्ड काढलं आणि कोपऱ्यात आधी आकडा घातला, दोन.